एसी चालू होता: मुंबईतल्या एका चिंचिलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातलं एक घर. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजनाचे आकडे मात्र केसपेपरवरून आणि घरच्यांच्या वहीतून जसेच्या तसे घेतले आहेत, कारण हे प्रकरण शेवटी त्या आकड्यांचंच आहे.

सातवा मजला, वन बीएचके, बेडरूमची खिडकी पश्चिमेला. आई, वडील, आजी आणि मुलगी. बारावीच्या निकालानंतर मुलीने हट्ट धरला म्हणून तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून राखाडी चिंचिलाची, म्हणजे उंदीर-खारींच्या गटातल्या दाट लवेच्या एका छोट्या प्राण्याची, मादी घरी आली. तिचं घरचं नाव इथे देत नाही. आमच्या दवाखान्यातल्या मावशींनी तिचा रंग आणि धुळीत लोळायची सवय पाहून तिला ‘राखुंडी’ म्हणायला सुरुवात केली, तेच इथे वापरते. दातांच्या आजारात गेलेल्या प्राण्याला दात घासायच्या राखेचं नाव पडावं हा योगायोग आम्हाला खूप उशिरा लक्षात आला.

दुकानदाराने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: एसीत ठेवा, पाणी लावू नका. घरच्यांनी त्या इतक्या मनावर घेतल्या की बेडरूम तिची झाली. एसी चोवीस तास 22 वर. चिंचिला रात्री जागी असते, दोन वाजता पिंजऱ्यातलं चाक गरगर फिरवते; त्यामुळे आई-वडील हॉलमध्ये गादी टाकून झोपायला लागले. विजेचं बिल किती यायचं हे वडिलांनी मला सांगितलं नाही, नुसता हात वर केला. निष्काळजी मालकांच्या गोष्टी आमच्याकडे खूप असतात. ही त्यातली नाही.

खाण्याचं मात्र वेगळं होतं. दुकानातून मिळालेल्या मिक्समध्ये मका, सूर्यफुलाच्या बिया, सुकवलेल्या फळांचे तुकडे आणि थोड्या पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, असायच्या. त्यातलं गोड आधी संपायचं. वर आजी मनुके द्यायच्या, कधी बदाम. टिमोथी या वाळवलेल्या गवताची मोठी पिशवीही आणली होती, पण पिंजऱ्याच्या खोलीत जागा नाही म्हणून ती हॉलच्या माळ्यावर गेली. पहिल्याच जुलैत तिला कुबट वास यायला लागला. आईने पिशवी फेकली, आणि ते बरोबरच केलं, बुरशीचं गवत देण्यात धोका असतो. नवी पिशवी महाग होती, ‘तशीही ती गवत कुठे खायची’ असं झालं, आणि विषय संपला. त्यानंतर अडीच वर्षांहून जास्त काळ राखुंडीने गवताची काडी पाहिली नाही.

हा प्राणी मुळात कुठला

चिंचिला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. कोरडी, थंड हवा, खडकाळ उतार, वाळकं चिवट गवत आणि झुडपं. केसांसाठी तिची इतकी शिकार झाली की दोन्ही रानटी जाती आज धोक्यात आहेत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात चिंचिला आहे, पण पाळीव वंशाला त्यातून वगळलं आहे. मॅथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन माणसाने 1923 मध्ये चिलीतून अकरा चिंचिला अमेरिकेला नेल्या. आजच्या बहुतेक पाळीव चिंचिलांचं मूळ त्या अकरांपर्यंत जातं असं मानतात.

तिच्या एकेका रोमछिद्रातून साठच्या आसपास केस निघतात. पाणी आत गेलं की सुकायला फार वेळ लागतो, म्हणून ती बारीक राखेसारख्या धुळीत आंघोळ करते. ही आंघोळ आठवड्यातून दोन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. धुळीचं भांडं दिवसभर आत ठेवलं तर डोळे चुरचुरतात. घामाने अंग थंड करण्याची सोय तिच्याकडे नाही, उष्णता बाहेर टाकायला मोठे पातळ कान तेवढे आहेत. 15 ते 21 अंश तिला मानवतं. 26-27 च्या पुढे, त्यात हवेत दमटपणा असेल तर, जीव धोक्यात येतो. मुंबईत एसीशिवाय हे गणित जमणारं नाही, एवढं तर सगळ्यांना कळतं.

दातांचं गणित कमी जणांना माहीत असतं. एकूण दात वीस: पुढे पटाशीचे चार, मागे दाढा सोळा. सुळे नाहीत. हे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर वर्षाला पाच-सात सेंटिमीटर वाढतात. रोज झिजतात म्हणून ते जागेवर राहतात. पटाशीचे दात कुरतडून झिजतात, दाढा मात्र फक्त चावून. गवत चावताना जबडा आडवा सरकतो आणि जातं फिरावं तशा दाढा दाढांवर घासल्या जातात. पेलेट किंवा मक्याचा दाणा नुसता वरून दाबून फुटतो, दोन-चार चाव्यांत संपतो. पिंजऱ्यात कुरतडायला लाकडाचे कितीही ठोकळे ठेवा, ते पुढच्या चारांच्या कामाचे.

पहिली भेट: उष्माघात

मार्चच्या उत्तरार्धातली दुपार. मार्चमध्ये मुंबईवर पूर्वेकडून कोरडे वारे आले की समुद्राचा वारा उशिरा सुटतो, आणि मुलुंड-भांडुपच्या बाजूला तर दुपार भाजून काढते. त्या दिवशी तसंच होतं. अडीचच्या सुमाराला त्या घरातला एसीचा एमसीबी, म्हणजे लाइन आपोआप तोडणारं बटण, पडला. घरात फक्त आजी, त्या हॉलमध्ये पंख्याखाली झोपलेल्या. पंख्याची लाइन वेगळी, त्यामुळे काही कळलंच नाही. साडेचारला मुलगी आली तेव्हा बेडरूममधला थर्मामीटर 34 दाखवत होता आणि राखुंडी कुशीवर पडलेली, कान लालबुंद, तोंड उघडं.

मुलीने फोन केला तेव्हा मागून आजींचा आवाज येत होता, “ओल्या फडक्यात गुंडाळ तिला, बर्फ लाव!” मी सांगितलं: बर्फ अंगाला लावायचा नाही, सगळं अंग भिजवायचं नाही. कान आणि पावलं साध्या पाण्याच्या बोटांनी ओली करा, खाली लादीचा तुकडा ठेवा, पंखा लावा आणि निघा. बर्फाने कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. भिजलेली दाट लव ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटून बसते. मुलगी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षाने आली, मांडीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा, डब्याच्या तळाला नॅपकिनमध्ये गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली आणि तिला टेकलेली चिंचिला.

गुदद्वारातलं तापमान 40.6. एरवी ते 37-38 असतं. हळूहळू थंड केलं, 39.4 ला आल्यावर थांबलो, कारण थंड करणं चालूच ठेवलं तर ते पुढे गरजेपेक्षा खाली घसरत जातं. ऑक्सिजन दिला, कातडीखाली सलाइन दिलं. साडेसातला ती उठून बसली. त्या वेळी केलेली नोंद: वजन 438 ग्रॅम.

रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तिने पेलेट पुढच्या दोन पायांत धरली, तोंडाशी नेली आणि टाकून दिली. दुसरी उचलली, तीही टाकली. हे मी स्वतः पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं, ‘भूक मंद, उष्माघातानंतर अपेक्षित’. पोट हलतं ठेवणारं औषध आणि सिरिंजने भरवायची पावडर देऊन घरी पाठवलं. एसीच्या लाइनवर लाइट गेल्याचा अलार्म बसवा, म्हटलं. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी बसवला.

जे हातून सुटलं

मुलीच्या फाइलमध्ये दुसऱ्या एका दवाखान्याचं कार्ड होतं. चौदा महिन्यांपूर्वी एका तपासणीत राखुंडीचं वजन 560 ग्रॅम होतं. फाइल त्या दिवशी माझ्या टेबलावर होती. मी ती उघडली नाही.

438 हा आकडा एकटा पाहिला तर लहानखुऱ्या मादीला चालून जातो. पूर्ण वाढलेल्या चिंचिला साधारण 400 ते 600 ग्रॅमच्या असतात. 560 शेजारी ठेवला की पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन गेलेलं दिसतं. एका दुपारच्या उष्माघाताने इतकं वजन जात नाही. ते महिनोन्‌महिने गेलेलं होतं आणि त्या जाड लवेखाली कुणाला दिसलं नव्हतं. मांडीवर घेणाऱ्या मुलीलाही नाही आणि मलाही नाही.

दुसरं, पेलेट उचलून टाकणं. भूक नसलेली चिंचिला अन्नाकडे पाठ करून बसते. उचलून, तोंडाशी नेऊन टाकते ती भूक असलेली पण दुखणारी. हा फरक मला माहीत होता. पण आदल्या संध्याकाळी उष्माघात इतका ढळढळीत समोर होता की सकाळचं सगळं त्याच खात्यात मांडलं गेलं.

दुसरी भेट

सोळाव्या दिवशी मुलगी पुन्हा आली. हनुवटीखालची लव ओली, चिकट. डाव्या डोळ्यातून पाणी. तिने कागदाच्या पुडीत लेंड्या आणल्या होत्या, दोन वेगळ्या पुड्या: एक महिनाभरापूर्वीच्या, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सापडलेल्या, आणि एक आजच्या. जुन्या साळीच्या दाण्याएवढ्या, गुबगुबीत. आजच्या जिऱ्यासारख्या बारीक. दवाखान्यात असा पुरावा कुणी आणून दिला की मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

मधल्या काळात एक संकट थोडक्यात टळलं होतं. आईने रात्री मेसेज केला होता: “डॉक्टर, तिला लाळ येतेय. घरात अमोक्सिसिलिनचं सिरप आहे, दोन थेंब देऊ का?” मी नको म्हटलं आणि लगेच फोनही केला. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे गेली की चिंचिलाच्या मोठ्या आतड्यातले उपयोगाचे जिवाणू मरतात, विष तयार करणारे माजतात, आणि दोन-तीन दिवसांत प्राणी जातो. क्लिंडामायसिनचंही तेच. माणसाच्या बाळाला चालणारं औषध थोडं थोडं करून द्यायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

या वेळी आधी वजन केलं: 421. मग फाइल उघडली. मग खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ लागायला हवी. इथे मोत्यांची माळ कातडीखाली ओवावी तसे तीन उंचवटे लागले. दाढांची मुळं खाली वाढून हाडाला ढकलत होती. कानाच्या दुर्बिणीने तोंडात पाहिलं, पण जाग्या चिंचिलाच्या तोंडात दिसतं ते फार थोडं. तोंड चिमुकलं, गाल आत दुमडलेले, जीभ मध्ये. पुढचे दात मात्र सुरेख होते, पिवळे-नारिंगी, जसे असायला हवेत तसे. मुलगी म्हणाली, “मी दर महिन्याला दातांचा फोटो काढायची. नेटवर वाचलं होतं, नारिंगी म्हणजे चांगले.” ते खरंच आहे, पण पुढच्या चारांबद्दल.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी चौघांना बसवून चार रस्ते सांगितले.

भरवत राहायचं आणि वाट पाहायची. खर्च कमी, भुलीचा धोका नाही. पण दुखणं तसंच राहणार, आणि ज्या प्राण्याचं आतडं चालूच राहावं लागतं त्याला दुखण्यापायी उपाशी ठेवणं म्हणजे आज ना उद्या पोट बंद पडणं.

भूल देऊन तोंड नीट पाहायचं, डोक्याचे एक्स-रे काढायचे आणि दाढांची टोकं असतील तर त्याच भुलीत घासून काढायची. खर्च त्या घराच्या महिन्याच्या किराण्याएवढा. 421 ग्रॅमच्या, खंगलेल्या प्राण्याला भूल देण्याचा धोका खरा होता आणि तो मी स्पष्ट सांगितला.

सीटी स्कॅन. मुळांचं चित्र एक्स-रेपेक्षा कितीतरी स्पष्ट मिळतं. पण खर्च मोठा, आणि त्यातून आमचा उपचार फारसा बदलणार नव्हता. हा पर्याय मी सांगितला, पण जोर दिला नाही.

चौथा म्हणजे तिला शांतपणे जाऊ देणं. हे पहिल्याच बैठकीत बोलायला लोक कचरतात, डॉक्टरही. पण नंतर, सगळे थकलेले असताना हा विषय पहिल्यांदा काढणं जास्त वाईट.

वडील खर्चाचं विचारत होते, मुलगी रडत होती. आजींनी विचारलं, “डॉक्टरीणबाई, मनुक्यांमुळे झालं का हो हे?” मी नाही म्हटलं, आणि ते बऱ्याच अंशी खरं होतं. मनुके वाईटच, साखरेने आतड्यातलं पचन बिघडतं. पण दाढा वाढल्या त्या जे दिलं त्यामुळे कमी आणि जे दिलं नाही त्यामुळे जास्त. थोडा हात वंशाचाही असतो. रानातल्या चिंचिलांच्या दाढा पाळीव चिंचिलांपेक्षा आखूड असतात, आणि एकाच घराण्यात हा आजार पुन्हा पुन्हा दिसू शकतो. दाढांचा सगळा दोष घरावर टाकावा असं मला वाटलं नाही. दुसरा रस्ता ठरला.

केलेले उपचार

चिंचिलाला उलटी होत नाही, म्हणून भुलीआधी कुत्र्या-मांजरांसारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. तोंडातलं अन्न तेवढं धुऊन काढतात. हुंगवून द्यायच्या आयसोफ्लुरेन या औषधाची भूल दिली. आणि गंमत अशी की ज्या प्राण्याला उन्हापासून वाचवायला तीन वर्षं एसी चालला, त्याला टेबलावर गरम गादी द्यावी लागली, कारण भुलीत इतक्या लहान अंगाची ऊब झरकन उतरते.

तोंड उघडल्यावर दिसलं ते असं: खालच्या दाढांची टोकं आत जिभेकडे वळलेली, जिभेच्या उजव्या कडेला व्रण. वरच्या दाढांची टोकं बाहेर गालाकडे. टोकं बारीक बुराने, म्हणजे दात घासायच्या फिरत्या टोकाने, घासून सपाट केली. पक्कडीने कापत नाहीत, दाढ उभी चिरते. एक्स-रेवर वरच्या दोन दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या दिशेने चढलेली दिसली. डोळ्यातलं पाणी तिथून येत होतं.

टोकं काढता येतात, मुळं मागे नेता येत नाहीत. हे मी मुलीला एक्स-रे दाखवून सांगितलं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा घासावं लागेल, प्रत्येक वेळी भूल, आणि यातून ती बरी होणार नाही, काही काळ सुखात जाईल इतकंच. दुखणं कमी करणारी औषधं, दिवसातून पाच वेळा सिरिंजने दहा-बारा मिली भरवणं आणि पिंजऱ्यात चोवीस तास गवत. पहिल्यांदा ती नुसती त्यावर बसली. चौथ्या दिवशी एक काडी चावली.

रोजचं वजन त्याच वेळी, त्याच काट्यावर करायचं ठरलं. आईचा कणीक मोजायचा डिजिटल काटा आणि त्यावर पोळ्यांचा तोच डबा. एक वही झाली. पहिल्या पानावर मुलीने आमच्या सांगण्यावरून दोन ओळी लिहिल्या: ‘400 च्या खाली, किंवा घासल्यानंतर सात दिवस स्वतः काही खाल्लं नाही, तर थांबायचं.’ वडिलांना ही ओळ आवडली नव्हती.

पुढचे पाच महिने

सुरुवात चांगली झाली. तिसऱ्या दिवशी 412, दहाव्या दिवशी 436. जूनच्या पहिल्या आठवड्यात 468. त्या काळात आलेला एक व्हिडिओ माझ्याकडे आहे: राखुंडी दोन पायांत काडी धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जबडा आडवा सरकवत खातेय. दहा सेकंदांचा. एवढंसं पाहायला मी तो तीनदा लावला.

गवताची साठवण हा आम्ही सगळ्यांत जास्त बोललेला विषय. या वेळी मोठी पिशवी नाही, लहान पाकिटं. झाकणाला रबर असलेला डबा, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या, आणि डबा माळ्यावर नाही तर एसीच्या खोलीत, पिंजऱ्याच्या खाली. हातात घेतलं तर गवत कडकडलं पाहिजे. वाकलं तर ते गेलं. आजींनी एकदा देवळाबाहेरच्या गायवालीकडून हिरव्या गवताची पेंढी आणली. मायेने आणली होती, पण ओलं हिरवं गवत एकदम पोटात गेलं तर पोट फुगतं, आणि रस्त्यावरच्या पेंढीत काय काय असेल सांगता येत नाही. ती पेंढी परत गाईकडे गेली. काही घरांत टिमोथी परवडत नाही म्हणून नुसतं लसूणघास देतात. वाढत्या पिलाला ठीक, मोठ्या चिंचिलाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

धुळीचंही तसंच. जुलैच्या हवेत धूळ भांड्यात राहिली की तिचे गोळे होतात, आणि लव दमट राहिली की नायटा धरतो. भांडं आंघोळीपुरतंच बाहेर काढायचं आणि लगेच बंद डब्यात. टाल्कम पावडर वापरायची नाही, ती फुप्फुसात जाते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्यांदा दाढा घासल्या. त्यानंतर स्वतः खायला तिला सहा दिवस लागले. पहिल्या वेळी चार लागले होते. वजन 450 पर्यंतच चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा. या वेळी नवव्या दिवशी तिने पेलेट उचलली आणि टाकली. भरवण्यावर वजन 420 च्या आसपास तगून होतं, आणि वही पाहून वडील म्हणाले, “400 च्या वर आहे की अजून.” आकडा बरोबर होता. पण तो आता तिचा राहिला नव्हता, सिरिंजचा झाला होता.

शेवट

सप्टेंबरात गणपती. त्या घरी दीड दिवसाचा असतो. हॉलमध्ये मखर, पाहुणे, आरत्या. बेडरूमचं दार बंद, आत एसी आणि राखुंडी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे आले. वजन 402. डावा डोळा बाहेर ढकलल्यासारखा झाला होता.

वडील म्हणाले, “आणखी एकदा घासून पाहू.” मुलगी काही बोलली नाही. आजी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “तिला दुखतंय का, एवढंच सांगा.” मी म्हटलं, हो, दुखतंय, औषध असूनही. आजी वडिलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “मग कशाला रे?”

आधी गुंगी दिली, पूर्ण बेशुद्ध झाल्यावर इंजेक्शन. मुलीने तिला डब्यातच ठेवलं होतं. त्याला अर्धा तासही लागला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मार्चमधल्या त्या सकाळी एक्स-रे काढायला हवा होता का? उष्माघातातून दुसऱ्या दिवशी भूल देणं मी आजही करणार नाही. पण ‘दोन आठवड्यांनी दातांची तपासणी’ अशी तारीख लिहून देता आली असती, आणि जबड्याच्या कडेवरून बोट फिरवायला तर भूल लागतच नाही. ते सोळा दिवस वाया गेले, आणि ते माझ्याकडून गेले.

सोळा दिवसांनी शेवट बदलला असता असं मात्र मला वाटत नाही. मुळं त्याआधीच कित्येक महिने वाढत होती. खरी वेळ होती ती पहिल्या पावसाळ्यात, पिशवी फेकली त्या आठवड्यात, आणि तेव्हा हे घर कुठल्याच डॉक्टरकडे येत नव्हतं. मुंबईत चिंचिला पाळणारा प्रत्येक जण मार्च-मेची भीती बाळगतो. या घराला जून-सप्टेंबरने गाठलं, तेही हवेतून नाही, माळ्यावरच्या पिशवीतून. चौदा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत ‘गवत काय खाते, कुठे ठेवता’ असा प्रश्न झाला होता की नाही, त्या कार्डावर दिसत नाही. वजन तेवढं दिसतं.

तिसऱ्यांदा घासण्याबद्दल माझं मत बदललं आहे. दुसऱ्या वेळीच सावरायला जास्त दिवस लागले होते आणि वजन कमी चढलं होतं. दिशा वहीत दिसत होती. ऑगस्टमध्ये मी स्वतःहून थांबण्याचा विषय काढायला हवा होता. घरच्यांनी ‘पुढची तारीख कधी’ विचारलं आणि मी तारीख दिली. पहिल्या पानावरच्या दोन ओळींपैकी दुसरी ऑगस्टच्या मध्यावरच पुरी झाली होती. आम्ही सगळे पहिलीकडे पाहत राहिलो, कारण आकडा काट्यावर दिसतो, आणि न खाल्लेली पेलेट पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहते. आता मी ती ओळ अशी लिहून घेते: वजन भरवून राखलेलं असेल तर ते मोजायचं नाही.

कुणी चिंचिला घ्यावी का असं विचारलं तर मी नको म्हणते. घेतलेलीच असेल तर पहिल्या भेटीत तीन गोष्टी मागते: जुनं कुठलंही वजन, गवत खातानाचा व्हिडिओ, आणि गवताचा डबा जिथे ठेवतात त्या जागेचा फोटो. तिसऱ्या मागणीवर लोक हसतात. परवा ठाण्याच्या एका मुलाने फोटो पाठवला: बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, अर्धी उघडी पिशवी.